राज्यशास्त्रात पीएच.डी.: अर्ज नेमका अडतो कुठे

‘नेट निघाली की जन्माची सोय’ हे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेबद्दलचं वाक्य मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या आवारात इतक्यांदा कानावर येतं की आता हसूही येत नाही. सहायक प्राध्यापकाच्या नोकरीपुरतं ते खरं आहे, पीएच.डी.च्या प्रवेशाला नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मार्च २०२४ मध्ये नेटचे तीन गट केले: जेआरएफवाले (संशोधन शिष्यवृत्ती मिळणारे), सहायक प्राध्यापक अधिक पीएच.डी. प्रवेशवाले आणि फक्त पीएच.डी. प्रवेशवाले. शेवटच्या दोन गटांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. त्या गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. दोन वर्षांपूर्वीचा निकाल घेऊन आलेल्यांचे चेहरे पडलेले मी पाहिलेत. प्रमाणपत्र खोटं नसतं, मुदत गेलेली असते.

नेट नसेल तर विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा. तिच्या जाहिरातीवर नजर ठेवा. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे असतात, आणि आपली मुलं प्लेटो ते रॉल्स घोकून तिथेच पडतात.

पीएच.डी.ची पात्रता सोपी आहे: एम.ए.ला ५५ टक्के. एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना पाच टक्के सूट. नेटच्या अर्जात ५४.९ चे ५५ होत नाहीत, कोणी काहीही सांगो. ओबीसींनी आणखी एक बघावं. नेटला केंद्राच्या यादीप्रमाणे, केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. घरात लॅमिनेट करून ठेवलेलं राज्याचं तिथे चालत नाही. सेतू केंद्रात पहिल्याच दिवशी ‘केंद्राच्या नमुन्यात’ असं सांगा, नाहीतर दुसरी फेरी ठरलेली. एसईबीसी हा राज्याचा मराठा आरक्षणाचा प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाहीच.

आता सगळ्यात जास्त अर्ज अडवणारा कागद: नोकरदारांचं ना-हरकत प्रमाणपत्र. अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण मुख्याध्यापकांनी किंवा साहेबांनी लिहिलेलं ‘आमची काही हरकत नाही’ एवढं पुरत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीला त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहून हव्यात. अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे. कामाचं स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो. आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्गांसाठी) कामातून मोकळं केलं जाईल. तिसरं वाक्य आलं की आस्थापना शाखेतली फाइल हलायची थांबते. म्हणून मसुदा स्वतःच टाइप करून न्या, तोही जाहिरात निघायच्या आधी. जाहिरातीनंतरचे दिवस सहीची वाट बघण्यात संपतात.

गाइड मिळणं ही वेगळीच कथा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. वय विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच.

गुणपत्रिका, जात प्रमाणपत्र, फोटो वगैरे नेहमीचंच. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांनी मायग्रेशन (विद्यापीठ बदलाचा दाखला) आणि सीजीपीएचे टक्के करून दिलेला दाखला आधीच काढावा.

संशोधनाच्या आराखड्यात ‘भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने’ असलं काही लिहू नका. मुलाखतीत पहिलाच प्रश्न ‘कुठली?’ असा येतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर आपली मुंबई महापालिका नगरसेवकांविना चालली, तेव्हा एका वॉर्डातली गटाराची तक्रार कोणाकडे गेली, हा विषय होऊ शकतो. जुने कागद हवे असतील तर राज्य अभिलेखागार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. चर्चगेटहून चालत जाता येतं.