पाचवी जाहिरात महाग का पडते?

ऑगस्ट २०१६ मध्ये गूगल अ‍ॅडसेन्सने, म्हणजे वेबसाइटवर जाहिराती दाखवून तिच्या मालकाला पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेने, ‘एका पानावर तीनच जाहिराती’ ही मर्यादा उठवली. जाहिराती दुप्पट केल्या की कमाईही दुप्पट, हा समज मात्र अजून टिकून आहे. तो चुकीचा का, हे जाहिरातींच्या जागांचा लिलाव पाहिला की कळतं.

पान उघडताच प्रत्येक चौकटीसाठी, म्हणजे जाहिरातीच्या जागेसाठी, सेकंदाच्याही आत बोली लागते. वाचक कोण आणि ही चौकट आजवर कितपत दिसली, यावर बोलीचा आकडा ठरतो. जाहिरातीचा निम्मा भाग सलग १ सेकंद पडद्यावर राहिला, तरच ती ‘दिसली’ असं धरतात. सगळ्यात चढी बोली एका चौकटीला मिळते. त्याच वाचकाला तीच जाहिरात लगेच पुन्हा दाखवायला जाहिरातदार सहसा तेवढे पैसे मोजत नाही, म्हणून पुढच्या चौकटी उतरत्या भावाने जातात. तळाशी तर फारसं कुणी पोचतच नाही.

समजा, हजार पानांमागे तीन चौकटी ४०, २५ आणि १५ रुपये देतात, म्हणजे ८०. चौथी ६ आणि पाचवी ३ रुपये देते, एकूण ८९. वाढ दिसते खरी. पण पान जड झाल्यामुळे एका भेटीत वाचली जाणारी पानं २.५ वरून २.२ वर आली, तर हजार भेटींमागची कमाई २०० रुपयांवरून १९५.८० वर येते. म्हणून हिशेब पानामागे न करता भेटीमागे करा. हा आकडा न दाखवता ‘महिन्याला लाख कमवा’ म्हणणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका.

दुसरं नुकसान मजकूर हलल्याने होतं. जाहिरात उशिरा येते, ओळी खाली सरकतात आणि बोट चुकून जाहिरातीवर पडतं. असे क्लिक अवैध ठरले की त्यांचे पैसे कापले जातात. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘मिन-हाइट’, म्हणजे किमान उंची, देऊन चौकटीची उंची आधीच राखून ठेवा. खालच्या चौकटी वाचक जवळ आल्यावरच लोड करा.

मोबाइलवर जाहिरातींची एकूण उंची मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. त्रासदायक जाहिरातींवर निकष ठरवणाऱ्या ‘बेटर अ‍ॅड्स’ या उद्योगसंघाचा निकष तसाच आहे. तो मोडत राहिलेल्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम अडवू शकतो.

बदल एका वेळी एकच करा: निम्म्या वाचकांना जुनी मांडणी, निम्म्यांना नवी, किमान दोन आठवडे. डिसेंबरची कमाई जानेवारीशी ताडून पाहू नका. वर्षअखेरीला बोली चढतात आणि जानेवारीत उतरतात, मग चौकटी कितीही असोत.