स्किपिंग रॉड

स्किपिंग रॉड : पाण्यावर ओणवलेल्या आडोशाखाली खोटे आमिष, म्हणजे ल्यूर, टप्पे खात आत सरकवण्यासाठी हौशी मासेमार स्वतः बांधतो किंवा बांधून घेतो ती गळाची काठी. हे तंत्र रुजले अमेरिकेत. तिथे तळ्यांच्या काठी घरोघरच्या लाकडी धक्क्यांची रांग असते आणि भर उन्हात लार्जमाउथ बास हा मासा त्यांच्या सावलीत दडून बसतो. फळ्या आणि पाणी यांच्यात फट असते वीतभर. वरून फेकलेले ल्यूर तिथे पोचत नाही, म्हणून ते आडवे, पाण्यालगत मारायचे. चपटी ठिकरी फेकून तळ्यात भाकऱ्या काढणाऱ्या पोराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. ठिकरीचा अभ्यास फ्रान्समधल्या क्लाने, हर्सन आणि बोके यांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये मांडला : तिचे पाते पाण्याशी साधारण २० अंश कललेले असले की ती सर्वांत सहज उसळते. ल्यूर ठिकरीसारखे गरगरत नाही. त्याची भिस्त चपट्या पोटावर, वेगावर आणि पाण्याला जवळजवळ चिकटून जाणाऱ्या मार्गावर, आणि हा वेग नि मार्ग हाताइतकाच काठीवर अवलंबून असतो.

नागपूरकडे असे धक्के नाहीत. आहे ती बेशरम. तलावाच्या कडेने गुडघाभर पाण्यात माजणारे हे जांभळट फुलांचे झुडूप फांदी टाकाल तिथे फुटते, म्हणून हे नाव. त्याच्या फांद्या पाण्यावर वाकून अगदी धक्क्याखाली असतो तसा अंधारा बोगदा तयार करतात. जोडीला पाण्यात पडलेल्या बाभळीच्या फांद्या आणि जलपर्णीच्या चटया. रामटेकजवळच्या खिंडसीपासून पूर्वेला भंडारा-गोंदियापर्यंत पसरलेल्या मामा तलावांपर्यंत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांपर्यंत, कडेचे दृश्य थोड्याफार फरकाने हेच. बासच्या जागी इथे मरळ. ती हवेतलाही श्वास घेते, त्यामुळे उथळ, कोंदट पाण्यात तिचे अडत नाही. आणि पाण्यावर बेडूक पडला की ती आवाजाच्या दिशेने धावते. पोकळ रबरी बेडकाचे दोन्ही काटे पाठीला चिकटलेले असतात, म्हणून तो झुडपात अडकत नाही आणि चपट्या पोटावर छान घसरतो. इथल्या स्किपिंगचे मुख्य ल्यूर तेच.

अमेरिकी नमुना जसाच्या तसा उचलला की पंचाईत होते. तिथला मासेमार बोटीच्या सपाट फळीवर, पाण्यापासून हातभर उंचीवर उभा असतो. त्याला पावणेसात-सात फुटांची काठी चालते. आपल्याकडे बहुतेक जण पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, असतात. पाळीवरून फेकलेले ल्यूर वरून खाली येते आणि टप्पा न खाता डुबकन बुडते. मग बांधाच्या उतारावर रचलेल्या पिचिंगच्या दगडांवरून खाली उतरायचे, उकिडवे बसायचे आणि कमरेखालून हात फिरवायचा. त्या बैठकीत लांब काठीचे टोक एक तर पाण्यात शिरते, नाही तर दगडावर आपटते. म्हणून सहा ते साडेसहा फूट पुरे. मूठही आखूड हवी. रील म्हणजे लाइन, गळाची दोरी, गुंडाळणारे यंत्र; त्यामागे आठ-नऊ इंचांपेक्षा जास्त दांडी ठेवली तर मनगट वळवताना ती कोपराला किंवा पोटाला अडते.

खरी ओढाताण टोक आणि बुडखा यांच्यातली. दहा-बारा ग्रॅमचा बेडूक छोट्याशा झटक्यात सुटायचा तर टोक त्या वजनाला वाकले पाहिजे; आणि गळाला लागलेली मरळ मुळांत शिरण्याआधी ओढून काढायची तर बुडखा वाकता कामा नये. काठी वाकवायला किती जोर लागतो ती तिची पॉवर, कुठे वाकते ती ॲक्शन. बाससाठी बरेच जण मिडियम पॉवर घेतात. मरळीसाठी मिडियम-हेवी आणि मॉडरेट-फास्ट ॲक्शन बरी, कारण अगदी टोकालाच वाकणारी एक्स्ट्रा-फास्ट काठी आखूड फेकीत झाडूच्या काडीसारखी वागते. शंका आली तर बुडख्याच्या बाजूने कौल द्यावा. टोक थोडे कडक निघाले तर सरावाने जमते. नरम बुडख्याला सराव नसतो. रील नसलेली बांबूची साधी काठी जिवंत आमिष बुडवून बसायला उत्तम, पण या कामाची नाही.

बांधणी ब्लँकपासून सुरू होते. ब्लँक म्हणजे मूठ आणि लाइन ओवायच्या कड्या न लावलेली पोकळ, निमुळती नळी. फायबरग्लासच्या नळ्यांचा जमाना होता तेव्हा १९७३ साली फेनविक या अमेरिकी कंपनीने ग्राफाइटची काठी बाजारात आणली. आज बहुतेक ब्लँक कार्बनचेच असतात. लांबी कमी करायची तर बुडख्याकडून कापावी. टोक कापले की ज्या मऊपणासाठी ब्लँक घेतला तोच जातो. नळीला एक कणा असतो : बुडखा फरशीवर टेकवून मधोमध दाबत फिरवली की ती एका बाजूला उडी मारून स्थिरावते. या कण्याचे फार स्तोम माजवले जाते. नळी डोळ्यासमोर धरून जी बाजू सर्वांत सरळ दिसेल ती पाहून कड्या बसवल्या तरी चालते. रील सीट, म्हणजे रील बसवायची खाच, आणि नळी यांच्यातली फट मास्किंग टेपच्या अंगठ्यांनी भरतात, पण अंगठ्यांमध्ये इपॉक्सीला, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट धरणाऱ्या राळेला, जागा ठेवावी लागते, नाहीतर सीट दोन हंगामांत सुटते.

कड्या किती, याचा ठोकताळा असा : काठी जितक्या फुटांची त्याहून एक जास्त, टोकाची कडी वेगळी. नेमकी जागा मात्र काठी वाकवूनच ठरते. कड्या टेपने चिकटवून, लाइन ओवून, टोकाला वजन टांगायचे. लाइनने वाकणाच्या मागोमाग जावे, नळीला कुठे घासू नये.

कड्या नळीवर दोऱ्याने बांधतात. आधी कडीच्या पायाला कानशीने उतार द्यावा लागतो, नाहीतर दोरा त्या पायरीवर चढताना फट सोडतो. मग दोऱ्याचे टोक नळीवर ठेवून त्यावरूनच पाच-सहा वेढे घ्यायचे, उरलेले टोक ब्लेडने कापायचे आणि वेढ्याला वेढा चिकटवत पायावर चढायचे. शेवटचे काही वेढे उरले की दोऱ्याचा एक फास त्यांखाली ठेवतात; वेढे पूर्ण झाले की दोरा त्या फासात घालून फास ओढायचा, टोक आपोआप आत दडते. वर आलेली कुसळे लायटरच्या ज्योतीने क्षणभर शेकली की जातात. भरतकामाच्या मशीनचा पॉलिएस्टर दोराही चालतो. फिका रंग मात्र वरून चढवायच्या इपॉक्सीखाली गडद होतो आणि पिवळ्याचे भलतेच काही निघते.

इपॉक्सीशी नागपूरच्या हवेचे जमत नाही. दोन्ही भाग सिरिंजने मोजून समसमान घ्यायचे, बुडबुडे न होऊ देता हळू ढवळायचे आणि कपात न ठेवता फॉइलवर पसरायचे, कारण गोळा झालेले मिश्रण स्वतःच तापते आणि लवकर धरते. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो तेव्हा तिसऱ्या कडीला पोचेपर्यंत ब्रश ताठ होतो. म्हणून हे काम पहाटे. उकाड्यावर उपाय म्हणून कोणी कूलर लावतो आणि फसतो : कूलरची हवा दमट, तिच्याबरोबर जाळीतले तूस उडते, आणि सकाळी चकचकीत थराऐवजी तेलकट, धुरकट साय दिसते. पावसाळ्यात कूलर न लावताही हेच होते. जानेवारीच्या थंडीत बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्याशिवाय राळ पातळ होत नाही. लावल्यावर काठी काही तास सावकाश फिरत राहिली पाहिजे, नाहीतर थर एका बाजूला ओघळतो. जुन्या मायक्रोवेव्हमधली ताटली फिरवणारी मोटर यासाठी अगदी बेताच्या गतीची असते. २४ तास हात लावू नये.

रील कोणते, यावर वाद आहे. बेटकास्टिंग रीलचा ड्रम फिरतो. ल्यूर प्रत्येक टप्प्याला मंदावते, ड्रम मंदावत नाही, आणि लाइनचा पाखराच्या घरट्याएवढा गुंता होतो. स्पिनिंग रीलचा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली फिरकी, स्थिर असल्याने हा प्रश्न येत नाही. पहिली काठी स्पिनिंगचीच बांधावी, बुडख्याकडची पहिली कडी मोठी ठेवून, म्हणजे स्पूलवरून सुटणारी वेटोळी तिथे आवळली जातात.

बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा आधी परवानगी घ्यावी. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदीच आहे. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा खळबळता गोळा दिसला तर त्याखाली मरळीची जोडी राखणीला असते. तिथे बेडूक टाकला तर ती चिडून हटकून झेपावते. पण ती गळाला लागली की पिल्लांना राखण उरत नाही, इतर मासे तासाभरात गोळा फस्त करतात.