पाळीव डुकरांच्या आतड्यांतील विषाणूंची जनुकीय विविधता

पाळीव डुकराच्या आतड्यात रोटा, अॅस्ट्रो, सापो, टेशो, करोना (कोविडचा नव्हे, डुकरांतला) असे कितीतरी विषाणू, बऱ्याचदा एकाच वेळी, नांदतात. एकेका विषाणूचेही जनुकीय प्रकार अनेक. डुकरांतल्या नुसत्या अॅस्ट्रोचे पाच वंश ओळखले गेले आहेत. धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या विष्ठेतही ते सापडतात, म्हणून फक्त हगवण लागलेल्या पिलांचे नमुने घेतले तर चित्र अर्धेच दिसते.

विविधता कशी घडते हे रोटात नीट कळते. त्याचा जनुकसंच दुपदरी आरएनएच्या (डीएनएसारख्याच एका जनुकीय रेणूच्या) 11 तुकड्यांचा. विष्ठेतून काढलेला आरएनए जेलवर विजेने सरकवून चांदीच्या क्षाराने रंगवला की 11 पट्टे उमटतात; ‘अ’ गटात त्यांची मांडणी वरून 4, 2, 3, 2 अशी. एकाच पेशीत रोटाचे दोन वाण (उपप्रकार) शिरले, की हे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि तिसराच वाण बाहेर पडतो. डुकरांतला जी5 हा प्रकार ब्राझीलमध्ये लहान मुलांतही सापडला आहे.

प्रकार ओळखण्याचे मोल कोल्हापूर जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. कावीळ ‘ई’चा विषाणू यकृताचा, पण पसरतो विष्ठेतून, आणि तो डुकरांतही असतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अभ्यासात भारतातल्या डुकरांत त्याचा प्रकार 4 आढळला. माणसांतल्या साथी मात्र प्रकार 1 च्या. नाव एकच असले तरी घराणी वेगळी. तेव्हा साथ आली की डुकरे पाळणाऱ्या वस्तीकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे. आधी सांडपाणी आणि जलवाहिनी तपासावी.

पिलांना मात्र या विषाणूंचा खरा त्रास होतो. रोटा किंवा करोनाने लहान आतड्यातले रसांकुर (अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे) झडतात, दूध पचत नाही, पातळ पिवळसर हगवणीने शेपटी माखते आणि अंगातले पाणी आटून पिलू दगावते. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. डुकरिणीच्या वारेतून पिलाला प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) मिळत नाहीत, ती मिळतात चिकातून आणि तीही पहिल्या दिवसातच. म्हशीचे रेडकू उभे राहताच त्याला चीक पाजण्याची घाई कोल्हापूरकडचा गवळी करतो. डुकरिणीच्या पिलालाही तीच घाई हवी, विशेषतः मोठ्या वेतात मागे ढकलल्या जाणाऱ्या अशक्त पिलाला हाताने सडाला लावून.