झाड तक्त्यात कसं मावतं?

‘आता टेबलांचे, म्हणजे माहिती साठवायच्या तक्त्यांचे, दिवस संपले’ ही आवई संगणकाच्या जगात दर काही वर्षांनी उठते. १९९८ मध्ये एक्सएमएल (एकात एक बसणाऱ्या खुणांनी माहिती मांडायची पद्धत) आलं तेव्हाही उठली होती. युक्तिवाद असा, की एक्सएमएलमधली माहिती झाडासारखी, फांदीला फांदी फुटलेली. ती ओळी आणि रकान्यांत मावणार कशी? मावते, आणि फार देखणेपणाने मावते.

एक पुस्तक घ्या. त्यात शीर्षक आणि एक प्रकरण. प्रकरणात एक परिच्छेद आणि एक टीप. आता या झाडाला कडेकडेने प्रदक्षिणा घाला. एखाद्या घटकात शिरताना एक आकडा टाका, बाहेर पडताना पुढचा. पुस्तकाला मिळतात १ आणि १०, शीर्षकाला २ आणि ३, प्रकरणाला ४ आणि ९, परिच्छेदाला ५ आणि ६, टिपेला ७ आणि ८. प्रत्येक घटकाची एक ओळ, त्यात हे दोन रकाने. झालं टेबल!

‘प्रकरणाच्या पोटात काय काय आहे?’ याचं उत्तर शोधायला आता झाडावर चढावं लागत नाही. ज्यांचा प्रवेशाचा आकडा ४ पेक्षा मोठा आणि निर्गमनाचा ९ पेक्षा लहान, ते सगळे. फांदी कितीही खोल गेली तरी दोनच तुलना पुरतात. प्रवेशाच्या आकड्यानुसार ओळी लावल्या की मूळ दस्तऐवजातला क्रमही जसाच्या तसा परत मिळतो. आकड्यांची तुलना हे तर एसक्यूएलचं, म्हणजे टेबलांना प्रश्न विचारायच्या भाषेचं, रोजचं काम, त्यासाठी इंडेक्स (झटपट शोधायची सूची) तयारच असतो. संशोधक टॉर्स्टन ग्रुस्ट यांनी २००२ मध्ये याच जातीच्या क्रमांकनावर एक्सपाथचे (एक्सएमएलच्या झाडातले घटक शोधायच्या भाषेचे) प्रश्न साध्या रिलेशनल, म्हणजे टेबलांच्या, डेटाबेसकडून वेगाने सोडवून घेतले. मला ही कल्पना आजही थक्क करते.

पुढे एसक्यूएल आणि एक्सएमएलला प्रश्न विचारायची एक्सक्वेरी या दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदू लागल्या. एसक्यूएलच्या प्रमाणकात २००६ मध्ये ‘एक्सएमएलटेबल’ आलं: आत एक्सक्वेरीची अभिव्यक्ती झाडातून घटक वेचते, बाहेर त्यांच्या ओळी होतात आणि त्या ओळी इतर टेबलांशी जॉइन करता, म्हणजे जोडता, येतात. यात नवल नाही. १९७० च्या दशकात एसक्यूएल घडवणाऱ्या दोघांपैकी डॉन चेंबरलिन एक्सक्वेरीच्याही रचनाकारांत होते.

या क्रमांकनाची खरी अडचण वेगळीच आहे. मध्येच नवा परिच्छेद घुसवला की त्यापुढचे सगळे आकडे सरकवावे लागतात. म्हणून सुरुवातीलाच आकड्यांमध्ये मोकळी जागा सोडतात. ती भरली, की पुन्हा प्रदक्षिणा.