'अलस' वेगळा, 'दीर्घसूत्री' वेगळा

गीतेच्या अठराव्या अध्यायातला अठ्ठाविसावा श्लोक तामस कर्त्याची लक्षणं सांगतो. त्यात 'अलस' हा शब्द येतो आणि त्याला लागूनच 'विषादी दीर्घसूत्री च'. म्हणजे आळशी माणूस आणि काम लांबवत नेणारा माणूस यांच्यासाठी दोन निरनिराळे शब्द वापरले आहेत, आणि दीर्घसूत्रीच्या शेजारी आहे तो विषादी, खिन्न माणूस. गीता दोघांनाही तामसच म्हणते, सूट कुणालाच नाही. तरी मला हा भेद फार मोलाचा वाटतो. अभ्यासाला बसवत नाही म्हणून रडकुंडीला आलेला मुलगा असो की वर्षानुवर्षं प्रबंध अडलेला संशोधक, घरात त्याच्यावर शिक्का बसतो तो 'आळशी' हाच. त्याच्या मनात काय चाललंय, हे विचारायचं राहूनच जातं.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला तीन माशांची गोष्ट सांगतात. तळ्याचं पाणी कोळी उपसू लागतात. दूरदृष्टीचा मासा वेळीच निसटतो. दुसरा जाळ्यात सापडतो, पण प्रसंगावधान राखून सुटतो. तिसरा म्हणतो, एवढी घाई कशाला? तो मरतो. त्याचं नावच दीर्घसूत्र. पंचतंत्रात हाच मासा 'यद्भविष्य' होऊन येतो. याच शांतिपर्वात एक मुलगा बापाला बजावतो, 'श्वः कार्यमद्य कुर्वीत'. उद्याचं काम आजच कर, कारण तुझं झालं की राहिलं हे पाहायला मृत्यू थांबत नाही.

मराठीत या सवयीसाठी शब्दांची चणचण कधीच नव्हती. चालढकल, टाळाटाळ, चेंगटपणा आहेत. 'दिरंगाई'चं मूळ फारसी 'दिरंग' म्हणजे उशीर या शब्दात आहे. त्यांत मला सर्वांत नेमकं वाटतं ते 'भिजत घोंगडं'. भिजलेलं घोंगडं दर दिवशी जड होत जातं आणि ते उचलायची इच्छा तेवढीच कमी होते.

खिन्नता आणि टाळाटाळ यांचा हाच संबंध चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती साधूनेही टिपला. एकांतात राहणाऱ्या साधूला भर दुपारी ग्रासणारी एक अवस्था तो वर्णन करतो. सूर्य पुढे सरकत नाहीसं वाटतं, नजर सारखी खिडकीकडे जाते, हाती घेतलेलं काम आणि राहती जागा दोन्ही नकोशी होतात. तिला त्याने 'अकेडिया' म्हटलं आणि मनाला छळणाऱ्या आठ विचारांत बसवलं. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने ही यादी नव्याने मांडली. त्यात अकेडिया दुःखात विरघळली, आणि पुढच्या काळात सात महापापांच्या यादीत त्या जागी निव्वळ आळस उरला. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत मोठं नुकसान इथे झालं. जी मनाची एक अवस्था होती, तिचा गुन्हा झाला. पुढे कारखान्यांचे भोंगे आणि हजेरीची घड्याळं आली, तेव्हा हा ठपका आणखी पक्का झाला.

मानसशास्त्राने हा विषय गांभीर्याने घेतला तो फार उशिरा. 1984 साली लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्ही अभ्यास का टाळता. कारणांत अपयशाची भीती आणि कामाबद्दलची नावड ही दोन ठळकपणे पुढे आली. हा निव्वळ वेळापत्रकाचा किंवा अभ्यासाच्या सवयींचा प्रश्न नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1997 मध्ये डायॅन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी टाळाटाळ करणाऱ्या विद्यार्थ्यांवर सत्रभर नजर ठेवली. सत्राच्या सुरुवातीला ही मुलं इतरांपेक्षा निवांत होती, आजारीही कमी पडत होती. सत्र संपताना चित्र उलटलं. ताण जास्त, आजारपण जास्त, गुणही कमी. टाळल्याने सुटका मिळते ती खरीच, पण थोड्या वेळापुरती. 2013 साली फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी हेच सूत्र मांडलं. काम टाळणारा माणूस त्या घडीचं वाईट वाटणं दुरुस्त करत असतो, आणि त्याची किंमत उद्याच्या स्वतःवर टाकतो.

यातली भारतात घडलेली एक गोष्ट तर अर्थशास्त्रातही गाजली. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ वर्षभर भारतात राहत असताना त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ भेटायला आले आणि कपड्यांचं एक खोकं मागे ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवायचं होतं. इथल्या सोपस्कारांत एक अख्खा दिवस जाईल, असा अकरलॉफ यांचा अंदाज होता. आठ महिन्यांहून अधिक काळ ते रोज सकाळी ठरवत, उद्या नक्की. शेवटी दुसऱ्या एका मित्राच्या सामानाबरोबर ते खोकं गेलं. 1991 मध्ये त्यांनी यातून मांडलं की आजचा त्रास डोळ्यांसमोर ठळक दिसतो आणि उशिराचा रोजचा तोटा किरकोळ वाटतो, म्हणून प्रत्येक दिवसाचा निर्णय त्या दिवसापुरता शहाणपणाचाच भासतो. पुढे 2001 साली या दोघांना नोबेल मिळालं. इतक्या बुद्धिमान माणसाला खोकं पाठवता आलं नाही, ते आळसामुळे खचितच नाही.

उपायांचा इतिहास त्या मानाने छोटा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की 'मी हे करणार' एवढ्या निश्चयापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी बसून करणार' असं ठरवलेलं काम कितीतरी जास्त वेळा पार पडतं. आपल्याकडे दासबोधात समर्थ 'प्रातःकाळीं उठावें, कांहीं पाठांतर करावें' असं सांगतात, तेव्हा कामाला घटकाही नेमून देतात.

मला मात्र सर्वांत आशेचा वाटतो तो 2010 चा एक अभ्यास. मायकेल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी कॅनडातल्या 119 विद्यार्थ्यांना दोन परीक्षांच्या काळात तपासलं. पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी ती कमी केली. मनातली खंत उतरल्यामुळे पुस्तक उघडणं त्यांना पहिल्याइतकं जड गेलं नाही.