हिमस्खलन सुरक्षा शिक्षण

हिमस्खलन सुरक्षा शिक्षण म्हणजे हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरात पायी किंवा स्कीवर फिरणाऱ्यांना उतारावरचा बर्फ कुठे आणि कधी सुटतो, तो कसा टाळायचा, आणि सुटलाच तर गाडल्या गेलेल्या सोबत्याला कसं काढायचं हे शिकवणं. रिसॉर्टच्या आखलेल्या भागात ही काळजी रिसॉर्टचे गस्तवाले घेतात, हद्दीच्या दोरीच्या पलीकडे गेलं की ती आपली आपल्यालाच घ्यावी लागते.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर, इथे बर्फ फक्त रसवंतीत दिसतो, त्यामुळे हा विषय आपला नाहीच असं वाटतं. पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्यांत मोठ्या सॅक घेतलेली आपली पोरं दिसतातच, कोणी उत्तराखंडातल्या केदारकंठाला (3,810 मीटर) जाऊन राहिलं, कोणी ब्रह्मतालला, कोणी स्की शिकायला गुलमर्गला. निघायच्या आधी बूट, थर्मल, जॅकेट सगळ्याची चौकशी होते, वाटेवरच्या उताराची मात्र कोणी करत नाही, आणि माझ्या मते खरी चौकशी तिथूनच सुरू व्हायला पाहिजे.

उतार म्हणजे किती, हे समजायला कन्हान नदीची रेती पुरते. बांधकामापाशी ट्रकने टाकलेला कोरड्या रेतीचा ढीग बघा, त्याची बाजू साधारण 30 ते 35 अंशांवर स्थिर होते, त्याहून उभी केली की घसरते. बर्फाची बहुतेक मोठी स्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे रेतीच्या ढिगाइतका तिरपा डोंगर दिसला की सावध व्हायचं. फोनमधल्या अ‍ॅपने किंवा क्लिनोमीटरने कोन मोजता येतो आणि नकाशावरच्या समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषांवरून घरी बसूनही काढता येतो. एक गोष्ट नवीन माणूस हमखास विसरतो, आपण स्वतः सपाटीवर आहोत पण डोक्यावर उभा उतार आहे, तर वरचं सगळं आपल्यावरच येणार. तंबू लावतानाही तेच.

रेती आणि बर्फ यांच्यात फरक मात्र मोठा आहे. रेती कणाकणाने घसरते, जीवघेणं हिमस्खलन बहुतेक वेळा स्लॅबचं, म्हणजे बर्फाच्या अख्ख्या घट्ट थराचं असतं. साखरेच्या थरावर शहाबादी फरशी ठेवून ते सगळं तिरपं केलंय अशी कल्पना करा. जुन्या बर्फात थंडीमुळे साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात, त्यावर नवीन बर्फ पडतो किंवा वारा दुसरीकडचा बर्फ आणून टाकतो आणि तो घट्ट होतो, मग वरून एखाद्याचं वजन पडलं की खालचा कच्चा थर बसतो, चीर झपकन पसरत जाते आणि अख्खी फरशी एकदम निघते. म्हणून कोर्समध्ये काही खुणा घोकून घेतात: शेजारच्या उतारावर ताजं स्खलन, पायाखाली 'धप्प' असा आवाज, पावलापासून धावत जाणारी भेग, नुकताच झालेला मोठा हिमवर्षाव, जोराचा वारा, अचानक वाढलेली ऊब. यातली एक जरी दिसली तरी उभ्या उतारावर जायचं नाही.

फिरायला गेलेल्यांच्या अपघातांत साधारण 90 टक्के वेळा स्खलन त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्याच गटातल्या कोणीतरी सुरू केलेलं असतं. म्हणजे हे आकाशातून कोसळलेलं संकट नाही, बहुतांशी ते आपल्या निर्णयातून येतं, आणि म्हणूनच ते शिकून टाळता येतं. धोक्याची पातळी 1 ते 5 (5 म्हणजे सगळ्यात जास्त) अशी सांगितली जाते, त्यात माणसं पाचवीला घरीच थांबतात, पण तिसरीला 'मधलीच तर आहे' म्हणून निघतात, स्वित्झर्लंडमधले निम्म्याच्या आसपास जीवघेणे अपघात या तिसऱ्या पातळीलाच होतात. ओळखीची वाट, समोर दुसऱ्यांच्या पावलांचे ठसे, सुट्टी संपत आलेली, लीडरला कसं टोकायचं हा संकोच, या सगळ्यात गट वाहवत जातो. इयान मॅकॅमन या अमेरिकन संशोधकाने जुन्या अपघातांच्या नोंदींवरून हे सापळे मांडले आणि आता ते कोर्सचा भाग झालेत. गटातल्या सगळ्यात नवख्या मुलीने 'मला हे बरोबर वाटत नाही' म्हटलं तरी सगळ्यांनी थांबायचं, हा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आता काढण्याबद्दल. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत निघाला तर जगण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या आसपास, पस्तीस मिनिटांनी ती साधारण 30 टक्क्यांवर येते, कारण स्वतःचाच सोडलेला श्वास परत परत घेऊन तो गुदमरतो. हेलिकॉप्टर, लष्कर, कोणीही एवढ्यात पोचत नाही, वाचवू शकतात ते फक्त सोबतचे. त्यासाठी प्रत्येकाकडे तीन वस्तू लागतात: 457 किलोहर्ट्झवर सिग्नल देणारा-घेणारा बीकन, दोन-तीन मीटरची घडीची प्रोब काठी, आणि धातूचं फावडं. बीकनने जागा शोधायची, प्रोबने टोचून नक्की करायची, आणि खणायला अगदी डोक्यावरून नाही तर उताराच्या खालच्या बाजूने सुरुवात करायची. स्खलन थांबल्यावर तो बर्फ काँक्रीटसारखा आवळतो, मीटरभर खोल गेलेल्याला काढायला टनभर बर्फ उपसावा लागतो, म्हणून आळीपाळीने खणतात. शोधताना मोबाइल बीकनपासून निदान अर्धा मीटर लांब ठेवायचा, नाहीतर सिग्नल गडबडतो.

भारतात बर्फाच्या अभ्यासाला 1969 मध्ये मनालीत सुरू झालेल्या 'सासे' या संरक्षण खात्याच्या संस्थेने पाया घातला, 2020 पासून ते काम चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याचीच संस्था करते आणि काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी तिचे इशारे निघतात. शिकायला उत्तरकाशीची निम (नेहरू गिर्यारोहण संस्था), मनाली, पहलगाम, दार्जिलिंग इथल्या संस्था आहेत, गुलमर्गला स्कीची सरकारी संस्था आहे. बाहेरदेशी फक्त हिमस्खलनाचा तीन दिवसांचा पहिला कोर्स सर्रास मिळतो, आपल्याकडे हा विषय बहुतेक वेळा मोठ्या कोर्सच्या आत येतो. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर निमचीच तुकडी स्खलनात सापडली, 29 जण गेले, त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेली प्रशिक्षक सविता कंसवाल होती. एवढ्या अनुभवी माणसांनाही डोंगर ओळखत नाही, हे आठवलं की आजही घशात येतं.

नागपुरात सरावासाठी बर्फाची वाट बघायची गरज नाही. बीकनला गवत आणि बर्फ सारखाच, मैदानात चालू बीकन पिशवीत घालून लपवा, दुसऱ्याला घड्याळ लावून शोधायला सांगा, मग रेतीच्या ढिगात भरलेली सॅक पुरून प्रोब आणि फावडं चालवा. पहिल्या खेपेला पंधरा मिनिटं कधी निघून जातात कळत नाही, चार-पाच रविवार केलं की हात आपोआप चालायला लागतात.