नागपूर जंक्शनवरचे फायबर: ‘किती गिग’ आणि ‘किती लांब’

दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे रेल्वेमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. लांब पल्ल्याच्या फायबरनेही बहुतेक ठिकाणी रूळ किंवा महामार्ग यांचीच कड धरली. त्यामुळे इथल्या ट्रान्समिशन रूममधून जाणारा बराचसा ट्रॅफिक मुळी नागपूरचा नसतोच. लाइन कार्ड (फायबरमध्ये प्रकाशाचा सिग्नल सोडणारे आणि घेणारे कार्ड) घेताना इथे गिगच्या, म्हणजे सेकंदाला किती गिगाबिट याच्या, आधी किलोमीटर मोजावे लागतात ते त्यामुळे.

ओटीएनचे (ऑप्टिकल ट्रान्सपोर्ट नेटवर्क, म्हणजे फायबरवरून डेटा वाहून नेण्याच्या पद्धतीचे) मानक २००१मध्ये आले. सुरुवातीच्या पायऱ्या २.५, १० आणि ४० गिगच्या. शंभरची पायरी २००९च्या अखेरीस जोडली गेली. मधल्या काळात १०चे चॅनेल (एकाच फायबरमधल्या वेगवेगळ्या तरंगलांबीच्या वाटा) निमूट चालत होते. साधारण ८० किलोमीटरवर अँप्लिफायर आणि सोबत डिस्पर्शन (वाटेत प्रकाशाचे पल्स पसरणे) भरून काढणाऱ्या फायबरचे रीळ, असा तो संसार.

खरा वाद पेटला तो ४० घ्यायचे की थेट १००वर जायचे यावर. ४०ची सुरुवातीची कार्डे जुन्या फायबरवर नखरे करत. शंभरच्या कोहेरंट (प्रकाशलहरीची तीव्रताच नव्हे तर फेज, म्हणजे लहरीची स्थितीही वाचणाऱ्या) कार्डाने प्रकाशाचे दोन्ही ध्रुवण वापरले आणि डिस्पर्शनचा हिशोब चिपवर सोपवला. रीळ नकोसे झाले. नकोसे कसले, अडचणीचेच! डिस्पर्शन जागोजागी भरून काढलेल्या मार्गावर शेजारचे १०चे चॅनेल, जे प्रकाश कमी-जास्त करून चालतात, ते शंभरवाल्याची फेज बिघडवतात. मग तीनच वाटा उरतात: १०ची सगळी गिऱ्हाइके हलवा, नवी फायबर जोडी घ्या, नाहीतर दोन्ही गटांच्या मध्ये काही चॅनेल रिकामे सोडा. चालू सर्किट बंद करायला कोण तयार होणार? म्हणून तिसरी वाट, ‘तात्पुरती’ म्हणून, सोयीची ठरते. तात्पुरत्या गोष्टी आपल्याकडे किती टिकतात, ते सांगायला नको. रिकाम्या सोडलेल्या स्पेक्ट्रमची किंमत मात्र कार्डाच्या कोटेशनमध्ये कधीच दिसत नाही.

पुढे २०० आले. सिम्बॉलचा (एका वेळी पाठवायच्या संकेताचा) वेग तोच ठेवून १६-क्वाम, म्हणजे एका सिम्बॉलमध्ये जास्त बिट कोंबायची पद्धत, वापरले की सिग्नल-नॉइज गुणोत्तर सुमारे ७ डेसिबलने जास्त लागते. मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. शंभरला हे अंतर अवघड नाही, पण २००ला मध्ये कुठेतरी रीजनरेटर (सिग्नल वाचून पुन्हा नव्याने पाठवणारे यंत्र) लागेल का, हे आधी तपासावे लागते. ४००ला तर चॅनेलची रुंदीच साधारण ७५ गिगाहर्ट्झ लागते, आणि ५०चे ठरीव फिल्टर तो सिग्नल कापतात. फ्लेक्सिबल ग्रिडची (चॅनेलची रुंदी गरजेप्रमाणे ठरवण्याची) सोय मानकात २०१२पासून आहे, पण वाटेतल्या प्रत्येक नोडचा फिल्टर बदलल्याशिवाय तिचा काही उपयोग नाही.

कार्डे ज्यात बसतात त्या शेल्फचे दुखणे आणखी वेगळे. बॅकप्लेन (कार्डांना आपसांत जोडणारा शेल्फचा मागचा बोर्ड) प्रत्येक स्लॉटला जेवढी क्षमता देते, त्याहून मोठे कार्ड बसले तरी स्विचिंग पूर्ण क्षमतेने होत नाही. शिवाय मे महिन्यात बाहेर पारा ४५च्या आसपास असताना एसी बंद पडला आणि पंख्याच्या जाळीवर धूळ साचलेली असली, की आधी तापमानाचा अलार्म येतो, मग धावपळ.

२०२०मध्ये ४००-झेडआर आले: छोटे, खोचून बसवायचे मॉड्यूल (प्लगेबल), थेट राउटरमध्ये बसणारे. त्याचा पल्ला साधारण १२० किलोमीटर. म्हणजे वर्धा आवाक्यात, अमरावती नाही. रायपूर किंवा भोपाळसाठी जास्त पॉवरची आणि तगड्या एफईसीची (वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या कोडची) कार्डेच लागतात.